लपलेले आईबाप, बदललेली बाळं: फॅन थिअरी तपासणीच्या प्रकल्प नोंदी

13 ऑक्टोबर 2024

कामाची हद्द ठरली. फँटसी कादंबऱ्यांतल्या खुणा जोडून वाचक जे तर्क लढवतात त्या फॅन थिअऱ्या. त्यांतल्या दोनच तऱ्हा घ्यायच्या: हे पोर खरं कोणाचं, आणि पाळण्यातलं बाळ बदललं गेलं का. कोण मेला, कोण परत येणार, कोण गादीवर बसणार हे सगळं बाहेर. वाचन मंडळाकडे ज्या प्रती आहेत त्यावरून साहित्य निवडलं: जॉर्ज आर. आर. मार्टिनच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर'चे छापून आलेले पाच भाग (1996 ते 2011) आणि 'द व्हील ऑफ टाइम'. 'अ साँग'वरची 'गेम ऑफ थ्रोन्स' ही टीव्ही मालिका पुरावा म्हणून चालणार नाही. पुस्तकातला यंग ग्रिफ नावाचा मुलगा तिथे मुळातच गाळलाय, आणि आपल्या यादीतली सगळ्यात वादाची थिअरी त्याच्यावरच उभी आहे.

या नोंदींत सगळी रहस्यं उघडी पडणार आहेत. ज्यांचं वाचन बाकी आहे त्यांनी आधी पुस्तकं संपवावीत, मग इकडे यावं.

सामान: 5×3 इंची कार्डं, टाचण्या, तीन रंगांचा दोरा, आणि लाकडी चौकटीवर ताणून ठोकलेला धानाचा बारदाना, 6 फूट बाय 4 फूट. थर्मोकोलपेक्षा बारदाना बरा. टाचणी कितीही वेळा काढा-लावा, भोक पडत नाही. फक्त ताण चारही बाजूंनी सारखा हवा, नाहीतर मधोमध झोळ पडतो आणि दोरे सैल होतात. लाल दोरा म्हणजे पुस्तकात कोणीतरी तोंडानं सांगितलेलं, निळा म्हणजे सूचित केलेलं, काळा म्हणजे आपला कयास. लाल दोऱ्यालाही बोलणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी हवीच. या पुस्तकांत माणसं सर्रास खोटं बोलतात.

एका कार्डावर एकच खूण. चार ओळी लिहायच्या: कुठल्या भागात आणि कोणाच्या कितव्या प्रकरणात आली, कोण बोललं किंवा कोणाच्या मनात आलं, नेमकं काय, आणि ते सांगण्यात बोलणाऱ्याचा फायदा आहे का. पान क्रमांक लिहायचा नाही. जाड पुठ्ठ्याची प्रत, साधी प्रत आणि मोबाइलवरची प्रत यांची पानं जुळत नाहीत, आणि अर्धी बैठक पानं शोधण्यात जाते. 'अ साँग'मधली प्रकरणं पात्रांच्या नावांची असतात, म्हणून 'नेड, दहावं प्रकरण' असं लिहिलं की कुठल्याही प्रतीत सापडतं.

27 ऑक्टोबर 2024

गुणांचा तक्ता तयार झाला. एकूण 18 गुण: काळ जुळतो का (2), जागा जुळते का (2), राखणदार (5), लपवण्याचा हेतू (3), खरं ठरलं तर कथेत काय बदलतं (3), परत परत येणारं प्रतीक (2), रूप (1). विरोधी पुरावा असेल तर 4 पर्यंत वजा. 14 किंवा वर पक्की, 9 ते 13 उघडी फाइल, त्याखाली ओढूनताणून.

राखणदाराला सगळ्यात जास्त गुण का, ते इथेच लिहून ठेवायला हवं. लपवलेलं मूल आपोआप लपून राहत नाही. कोणीतरी ते जाणतं, गप्प बसतं, आणि त्या गप्प बसण्याची किंमत मोजतं. त्या माणसाच्या वागण्यात, दुसऱ्या कशानं उलगडत नाही अशी एक गाठ राहते. लेखकाला बाकी सगळं झाकता येतं, ही गाठ झाकता येत नाही, कारण तिच्याशिवाय ते पात्र जिवंतच वाटणार नाही. रूपाला एकच गुण, कारण केस आणि डोळे हा सगळ्यात स्वस्त पुरावा. खाण तशी माती म्हणून मोकळं होता येतं, आणि नेमकी तिथेच थिअरी करणाऱ्यांची सुतावरून स्वर्गाची वाट सुरू होते.

3 नोव्हेंबर 2024

आजूबाजूच्या गावांत मंडई (दिवाळीनंतरच्या जत्रा) आणि रात्रीची नाटकं सुरू झाली. होळीपर्यंत झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, हेच चालणार, तेव्हा ज्या गावात नाटक असेल त्याच्या दुसऱ्या दिवशी बैठक ठेवायची नाही.

नाटकाचा एक फरक मात्र तक्त्याच्या कामाचा आहे. रंगमंचावर चोरलेलं किंवा टाकलेलं मूल आलं की प्रेक्षकाला बहुतेक वेळा आधीच माहीत असतं. त्याची घालमेल ही, की मायला कधी कळणार. थिअरीला तिथे जागाच नाही. ती फक्त तिथे उगवते जिथे वाचकालाही पात्राइतकंच कळतं. म्हणून प्रत्येक कार्डावर पाचवी ओळ वाढवली: हे प्रकरण कोणाच्या नजरेतून आहे आणि त्या माणसाला खरं ठाऊक आहे का. ठाऊक असूनही तो मनातल्या मनात नाव घेत नसेल, तर त्या जागेवर लाल पेन्सिलीनं गोल.

10 नोव्हेंबर 2024

तक्ता नव्या थिअरीवर लावण्याआधी उत्तर माहीत असलेल्या कथांवर लावून पाहिला. माप खरं आहे का ते आधी कळायला हवं.

कर्ण. काळ: कुंतीचं लग्न होण्याआधी, 2. जागा: वनपर्वात पेटीचा मार्गच दिलाय. अश्वनदीतून चर्मण्वतीत, तिथून यमुनेत, मग गंगेत, आणि शेवटी अंगदेशातल्या चंपानगरीपाशी. अधिरथ आणि राधा तिथे सापडतात. 2. राखणदार: शस्त्रविद्येच्या प्रदर्शनात कर्ण अर्जुनासमोर उभा राहतो आणि कुंती मूर्च्छित पडते. विदुर तिला सावध करतो. सगळ्या सभेत एका बाईच्या वागण्याचं कारण दुसरं कुठलंच सापडत नाही. पूर्ण 5. हेतू 3, परिणाम 3, प्रतीक 2 (सूर्य, कवचकुंडलं).

रूपाचा एक गुण मिळतो तो शांतिपर्वात. युद्ध संपल्यावर युधिष्ठिर नारदाला सांगतो की द्यूतसभेत कर्णाचे कठोर शब्द ऐकून राग यायचा, पण त्याच्या पायांकडे नजर गेली की राग मावळायचा, कारण ते पाय कुंतीच्या पायांसारखे होते. कारण शोधूनही त्याला उमगलं नाही. म्हणजे रूपाचा पुरावा भर सभेत सख्ख्या भावाच्या डोळ्यांसमोर होता आणि त्यावरून काहीही सिद्ध झालं नाही. या कार्डावर आज सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता. रूप हा पुरावा उत्तर कळल्यानंतर लख्ख दिसतो, आधी नाही. एकच गुण ठेवण्याला यापेक्षा चांगला आधार सापडणार नाही.

कृष्ण-योगमाया ही उघड अदलाबदल, म्हणून ती वेगळ्या कार्डावर. अदलाबदलीला काय काय लागतं त्याची यादी तिथून निघाली: साधारण एकाच वेळची दोन बाळं, एका बाळाच्या जिवाला धोका, नेणारा माणूस, दोनपैकी एक आई बेसावध किंवा निरुपाय, आणि नंतर कधीतरी सांगणारं कोणी. यशोदेला कन्या झाली की पुत्र हेही कळलं नव्हतं, हा तपशील भागवतात मुद्दाम आलाय. तो नसता तर सगळी कथा कोसळली असती.

17 नोव्हेंबर 2024

20 तारखेच्या मतदानासाठी शाळेची खोली द्यावी लागली. चौकट उतरवून वाचनालयात नेली. नेताना दोरे न सोडता वरून जुनी सुती साडी गुंडाळून चार टाके घातले. एकही कार्ड पडलं नाही. चौकट आडवी न्यायची, उभी नाही.

24 नोव्हेंबर 2024

रूपाचा प्रश्न विज्ञानाच्या अंगानं. या भागात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी शाळाशाळांतून होते, त्यामुळे चार घरांचा चौकोन पोरांना तोंडपाठ असतो. आई वाहक, बाप वाहक: चारपैकी एक घर निरोगी, दोन वाहक, एक ग्रस्त. हेच प्रमाण प्रत्येक गरोदरपणात नव्यानं लागू होतं. पहिलं मूल ग्रस्त निघालं म्हणून पुढची तीन सुटली असं होत नाही. हा गैरसमज दवाखान्यात जितका नडतो तितकाच थिअरीतही नडतो.

आता तोच चौकोन 'अ साँग'मधल्या राजा रॉबर्ट बॅरॅथियनवर. त्याची राणी सर्सी लॅनिस्टर, आणि तिची मुलं त्याची नव्हेतच असा संशय. पहिल्या भागात राजाचा मित्र आणि मंत्री नेड स्टार्क जुन्या वंशावळीचा ग्रंथ चाळतो. बॅरॅथियन आणि लॅनिस्टर घराण्यांचं लग्न जेव्हा जेव्हा झालं, तेव्हा तेव्हा मूल काळ्या केसांचं. 90 वर्षांपूर्वीच्या टाया लॅनिस्टर आणि गोवेन बॅरॅथियनचं बाळ काळ्याभोर जावळाचं होतं, पण लहानपणीच गेलं. त्याआधी 30 वर्षं एका लॅनिस्टर पुरुषाला बॅरॅथियन बायकोपासून तीन मुली आणि एक मुलगा, चौघंही काळ्या केसांची. आणि सर्सीची तिन्ही मुलं सोनेरी.

काळा रंग प्रभावी, सोनेरी अप्रभावी, आणि एकच जनुक असं क्षणभर धरू. रॉबर्टकडे दोन्ही काळ्याच प्रती असतील तर सोनेरी मूल अशक्य. पण तो वाहक असेल तर? त्याची आजी रेल ही टार्गेरियन या फिकट केसांच्या जुन्या राजघराण्यातली, म्हणजे फिकट केसांचं जनुक घरात शिरायला दार आहे. वाहक रॉबर्ट आणि सोनेरी सर्सी यांची तिन्ही मुलं सोनेरी निघण्याची शक्यता 1/2 × 1/2 × 1/2, म्हणजे आठात एक. कमी आहे, अशक्य नाही. गेंड्रीसारखी रॉबर्टची पिवळ्या केसांच्या आईची अनौरस मुलंही काळ्याच केसांची निघाली, म्हणून रॉबर्ट वाहक असण्याची शक्यता आणखी घटते, पण शून्य होत नाही. त्यात खऱ्या माणसांत केसांचा रंग एका जनुकावर ठरतच नाही.

मग नेडचं उत्तर बरोबर कशानं ठरलं? ग्रंथानं नाही. मुलं रॉबर्टची नाहीत हे देवराईत सर्सी स्वतः कबूल करते तेव्हा. त्याआधी नेडच्या आधीचा मंत्री जॉन ॲरिन याचा अचानक मृत्यू, नेडचा मुलगा ब्रान याच्यावर मारेकरी, म्हणजे पुन्हा माणसांचं वागणंच.

सर्सीचा भाऊ टिरियन याचा ठेंगणेपणा पुरावा म्हणून आणणाऱ्यांसाठी एक कार्ड: ॲकॉन्ड्रोप्लेझियाच्या (ठेंगणेपणाचा एक आनुवंशिक प्रकार) सुमारे 80 टक्के बाळांचे आईबाप नेहमीच्या उंचीचे असतात. जनुकातला बदल नव्यानं झालेला असतो. त्यावरून बाप कोण हे सांगता येत नाही.

नियम, कायमचा: चौकोन फक्त पुस्तकातल्या पात्रांवर काढायचा. गावातल्या कुठल्याही घराचा, कुठल्याही अहवालाचा तक्ता इथे येणार नाही, शिकण्यासाठीसुद्धा नाही. ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये म्हणतात, आणि खऱ्या माणसांच्या बाबतीत ते अगदी योग्य आहे.

8 डिसेंबर 2024

जॉन स्नो. थिअरी अशी: तो नेडचा अनौरस मुलगा नसून नेडची बहीण लियाना आणि टार्गेरियन राजपुत्र रेगार यांचा मुलगा. पहिला भाग छापून आल्यावर काही वर्षांतच वाचकांनी हे ओळखलं होतं. टीव्हीवर ते 2016 च्या जूनमध्ये, सहाव्या पर्वाच्या शेवटच्या भागात दाखवलं. पुस्तकात अजून कोणी तोंडानं सांगितलेलं नाही, म्हणून बारदान्यावर या थिअरीला एकही लाल दोरा नाही. सगळं जाळं निळं.

राखणदार आधी. नेडचं दहावं प्रकरण, तापातलं स्वप्न. लियाना जिथे मरते त्या मनोऱ्यापाशी नेडसह सात जण विरुद्ध राजरक्षक दलाचे तिघं: आर्थर डेन, ऑस्वेल व्हेंट आणि दलप्रमुख जेरल्ड हायटॉवर. रॉबर्टच्या बंडात टार्गेरियन राजा मेलाय, राजपुत्र रेगार मेलाय, राणी आणि रेगारचा धाकटा भाऊ व्हिसेरिस बेटावर पळालेत. नेड त्यांना एकेक ठिकाण विचारतो: तिथे का नव्हतात? तिथे का नव्हतात? व्हिसेरिसचं नाव निघतं तेव्हा उत्तर येतं की त्याच्यासोबत गेलेला विल्यम डॅरी भला माणूस आहे, पण तो राजरक्षक नाही, आणि राजरक्षक पळत नसतात. राजाचं रक्षण हीच ज्यांची शपथ, ते तिघं वारस सोडून एका ओसाड मनोऱ्याशी मरायला उभे. वारस आतच असेल तर हे वागणं सरळ आहे. नसेल तर त्याला अर्थच उरत नाही. या प्रश्नोत्तरांतली प्रत्येक ओळ स्वतंत्र कार्डावर घ्यावी. घाईत एकाच कार्डावर 'मनोऱ्याचं स्वप्न' लिहून मोकळं झालं की व्हिसेरिसचा मुद्दा हमखास निसटतो, आणि तोच कणा आहे.

दुसरा राखणदार नेड स्वतः. कथा सुरू होते तेव्हा जॉन 14 वर्षांचा आहे. जॉनची आई कोण, या प्रश्नावर बायकोला तो दरडावून गप्प करतो, आणि तेव्हा जॉनला 'माझा मुलगा' म्हणत नाही, 'माझं रक्त' म्हणतो. भाचाही रक्तच. सरळ, सच्च्या माणसानं संसारात कायमचा सल ठेवून घेतला, पण खुलासा केला नाही. पूर्ण 5.

प्रतीक: हॅरनहॉलच्या स्पर्धेत रेगारनं स्वतःची बायको ओलांडून लियानाच्या मांडीवर निळ्या हिवाळी गुलाबांचा मुकुट ठेवला. दुसऱ्या भागात रेगारची बहीण डॅनेरिस हिला दिसणाऱ्या दृश्यांत बर्फाच्या भिंतीच्या फटीत निळं फूल उमललेलं आहे. बर्फाच्या भिंतीवर कोण राहतो, ते वाचकाला ठाऊक असतं: जॉन. आणि लियाना 'रक्ताच्या शय्येवर' ('बेड ऑफ ब्लड') मेली हे शब्द. पहिल्याच भागात मिरी माझ दूर ही वैदीण बाळंतपणासाठी हीच प्रतिमा ('ब्लडी बेड') वापरते. मोबाइलवरच्या प्रतीत शब्द शोधून ही जोडी सापडते. मात्र शोधताना नुसता 'बेड' टाकू नये, शेकडो जागा येतात. 'ब्लड' आणि 'ब्लडी' वेगवेगळे टाकावेत.

काळ: जॉन डॅनेरिसपेक्षा साधारण आठ-नऊ महिन्यांनी मोठा, असं लेखकानं एका वाचकाला उत्तर देताना सांगितलंय. म्हणजे ते दोघं जुळे, ही उपथिअरी तिथेच संपते. हेतू: रेगारच्या लेकरांचे मृतदेह पाहूनही रॉबर्टला दुःख झालं नव्हतं. लियानाच्या बाळाचं नाव फुटलं असतं तर काय झालं असतं ते सांगायला नको.

रूप: शून्य. जॉन लांबट चेहऱ्याचा, करड्या डोळ्यांचा, पूर्ण स्टार्क. त्यावरून नेड की लियाना हे ठरत नाही, आणि रेगारची तर एकही छटा नाही. 18 पैकी 17, आणि गेलेला एकमेव गुण रूपाचा. शिवाय लेखकानं विला, अशारा डेन आणि एका कोळ्याची मुलगी अशा तीन आया वाचकापुढे ठेवल्या आहेत. एवढ्या आया पुरवाव्या लागतात, त्या अर्थी खरी कुठेतरी जवळच आहे.

15 डिसेंबर 2024

रँड अल्'थॉर, 'द व्हील ऑफ टाइम'चा नायक. इथे रूप कामाला येतं, आणि का येतं ते नीट नोंदवायला हवं. त्याच्या गावात सगळे काळ्या केसांचे, काळ्या डोळ्यांचे. हा एकटा उंच, तांबूस केसांचा, करड्या डोळ्यांचा. बाहेरचे लोक त्याला पाहताच आयेल, म्हणजे वाळवंटातल्या लढवय्या लोकांपैकी, समजतात. लोयल नावाचं पात्र तर पहिल्या भेटीतच तसं म्हणतो. म्हणजे रूपाला गुण देण्याच्या दोन अटी: ज्या गावात मूल वाढलं तिथे ते रूप नसावं, आणि कुठल्या तरी एका ठरावीक लोकांत ते सगळ्यांचं असावं. दोन्ही असतील तर 1, नाहीतर 0.

राखणदार टॅम, रँडला वाढवणारा बाप. तापाच्या ग्लानीत तो डोंगरउतारावर बर्फात सापडलेल्या बाळाबद्दल बरळतो. पहिल्याच भागात, 1990 मध्ये. आई टिग्रेन, एका राज्याची वारस, भविष्यवाणी ऐकून घर आणि तान्हा गॅलाड मागे टाकून आयेल बायकांत निघून गेली. म्हणून गॅलाड आणि रँड सावत्र भाऊ. 17.

29 डिसेंबर 2024

अदलाबदलीचे खरे उदाहरण खुद्द 'अ साँग'मध्येच आहे, आणि थिअरीवाले त्याकडे फारसे बघत नाहीत. भिंतीपलीकडच्या टोळ्यांचा राजा मॅन्स रेडर, त्याची बायको डॅला बाळंतपणात गेली. त्या बाळात राजाचं रक्त, म्हणून अग्निपूजक पुजारीण मेलिसांड्रे त्याला आगीत देईल अशी धास्ती. गिली नावाची टोळीतलीच बाई दोन्ही बाळांना पाजते, एक तिचं, एक डॅलाचं. जॉन तिला सांगतो, मॅन्सचं बाळ घेऊन जहाजावर जा, तुझं इथे ठेव.

वरच्या यादीशी ताडून पाहिलं: सारख्या वयाची दोन बाळं, आहेत. धोका, आहे. नेणारा, आहे. एक आई मेलेली, दुसरी निरुपाय. त्यात भर म्हणजे त्या लोकांत दोन वर्षांचं होईतो मुलाला नाव ठेवत नाहीत, त्यामुळे हाकेतून चूक होण्याचीही भीती नाही. आणि सांगणारं कोण? गिलीचं रडणं. जहाजावर ती रात्रंदिवस रडते. सोबतच्या सॅमला वाटतं दर्याची भीती. आंधळ्या म्हाताऱ्या एमनच्या ध्यानात येतं की हे भीतीचं रडणं नव्हे, मूल मागे सोडलेल्या आईचं आहे.

लेखक अदलाबदल कशी लिहितो हे इथून शिकायचं. बाळ बदलतं, पण आई बदलत नाही. त्यामुळे जिथे कोणी 'जन्मताच बदललं होतं' असं सांगेल तिथे पहिला प्रश्न हा: बदली दिलेलं दुसरं बाळ कोणाचं, आणि त्याची माय कुठंय? पुष्कळ थिअऱ्यांत दुसऱ्या बाळाचा पत्ताच नसतो. एक बाळ वाचतं, दुसरं नुसतं गळून जातं. तसं असेल तर हेतूचे 3 पैकी जास्तीत जास्त 1.

युरोपातल्या जुन्या चेंजलिंग कथांवर दोन कार्डं याच रांगेत लावली. पऱ्या किंवा बुटके मूल पळवतात, जागी आपलं ठेवतात. पाळण्याजवळ लोखंड ठेवलं की त्यांना जवळ येता येत नाही. इकडे बाळंतिणीच्या उशाशी विळा ठेवतात, तोही लोखंडाचाच. ग्रिम बंधूंच्या संग्रहातल्या एका गोष्टीत आई अंड्याच्या टरफलात पाणी उकळते, तेव्हा ते परकं पोर हसून बोलून जातं की मी जंगलाइतका जुना, पण टरफलात रांधलेलं कधी पाहिलं नाही. ओळख पटते ती इथेही बोलण्यावरून, चेहऱ्यावरून नाही.

12 जानेवारी 2025

यंग ग्रिफ. पाचव्या भागात दावा येतो की हा रेगारचा मुलगा एगॉन, तान्हेपणी राजाचा हेरप्रमुख व्हॅरिस यानं बदलून वाचवलेला. बदली बाळ एका चांभारवस्तीतलं: आई बाळंतपणात मेलेली, बापानं दारूच्या सुरईवर पोर विकलं. म्हणजे दुसऱ्या बाळाचा पत्ता दिलाय, आणि मारेकऱ्यानं बाळाचं डोकं भिंतीवर आपटल्यामुळे चेहरा ओळखण्याचा प्रश्नच उरला नाही. गोष्ट सगळीकडून बंद आहे. जरा जास्तच बंद. सांगणारे मोजके, सगळ्यांचा फायदा एकाच बाजूला, आणि मायही मेलेली म्हणून रडणारं कोणी नाही.

इथे दोन थिअऱ्या एकात गुंफल्या जातात, त्या सोडवणं हे आजचं मुख्य काम. (अ) हा रेगारचा मुलगा नाही. (ब) हा ब्लॅकफायर या टार्गेरियनांच्या बंडखोर शाखेचा आहे, बहुधा व्हॅरिसचा साथीदार, धनाढ्य व्यापारी इलिरिओ आणि त्याची मेलेली बायको सेरा यांचा. 'आणि' आला की शक्यता गुणली जाते, वाढत नाही. (अ) ला 60 टक्के दिले आणि (अ) खरं धरून (ब) ला निम्मे दिले, तर दोन्ही मिळून 30 टक्केच. वादात मात्र (ब) चे पुरावे मांडून (अ) सिद्ध झाल्यासारखं बोललं जातं. म्हणून दोन कार्डसंच, दोन रांगा, मधे 8 इंच अंतर.

(अ) काळ 2, जागा 1, राखणदार 4, हेतू 3, परिणाम 3, प्रतीक 2 (डॅनेरिसला दिसलेला काठ्यांवरचा कापडी ड्रॅगन), रूप 0. त्याचे केस निळे रंगवलेले, आणि तशी फिकट रूपं लिस शहरात पाहिजे तेवढी. बेरीज 15. विरोधी पुरावा तगडा: पाचव्या भागाच्या शेवटी व्हॅरिस मरणाऱ्या केव्हनला (सर्सीचा काका) एगॉन जिवंत असल्याचं सांगतो. मरणाऱ्याशी खोटं का बोलावं? पण खोलीत व्हॅरिससाठी हेरगिरी करणारी पोरंही होती, आणि 'रेगारचा' हा शब्द तो स्वतः उच्चारत नाही. वजा 3. राहिले 12, उघडी फाइल.

(ब) साठी सरायच्या पाटीची गोष्ट (ब्लॅकफायरांची खूण काळा ड्रॅगन, टार्गेरियनांची तांबडा): काळ्या लोखंडी ड्रॅगनची पाटी तोडून नदीत फेकली, आणि बऱ्याच वर्षांनी तिचा एक तुकडा गंजून तांबडा होऊन काठाला लागला. सुंदर प्रतीक आहे, पण राखणदार म्हणून एकटा इलिरिओ. 9. जेमतेम उघडी.

26 जानेवारी 2025

उरलेल्या दोन थिअऱ्या लवकर आटोपल्या.

टिरियन हा वेड्या राजा एरिसचा मुलगा: राजाची टिरियनची आई जोआना हिच्यावर नजर होती, कथेतल्या 272 सालच्या राजधानीतल्या स्पर्धेला ती हजर होती, 273 मध्ये टिरियन जन्मला. काळ 1, जागा 1. पण बाप टायविन याचा द्वेष बायको बाळंतपणात गेली एवढ्यानंच पुरता उलगडतो, म्हणून राखणदार 1. हेतू 1, परिणाम 0, प्रतीक 1, रूप 0. दोन रंगांचे डोळे कुठल्या एका घराण्याची खूण नाहीत. विरोधात आत्या जेनाचं वाक्य: टायविनचा खरा मुलगा टिरियन, थोरला जेमी नव्हे. वजा 3. उरले 2. शिवाय टिरियनच्या हातून बाप मरतो, त्या प्रसंगाचं सगळं वजन तो सख्खा बाप असण्यावरच आहे. ते काढून घेणारी थिअरी कथेला गरीब करते.

डॅनेरिसच्या बालपणीच्या आठवणीतलं, ब्राव्होस शहरातल्या खिडकीबाहेरचं लिंबाचं झाड: ब्राव्होस थंड, धुक्याचं, तिथे झाडं नाहीत, मग ती दुसरीकडेच वाढली आणि तिचे आईबापही दुसरेच, असा तर्क. वरुड-मोर्शीकडच्या संत्रेवाल्या वाचकांनी यावर जोर दिला, कारण लिंबूवर्गीय झाडाला कडाक्याची थंडी सोसत नाही हे त्यांना कोणी सांगायला नको. जागेचा मुद्दा खराच, 2. पण पुस्तकातच म्हटलंय की ब्राव्होसमध्ये झाडं आहेत ती बड्यांच्या अंगणांत आणि बागांत. आणि व्हिसेरिसच्या लग्नाचा गुप्त करार झाला तोही ब्राव्होसमध्ये, तिथल्या सत्ताधीशाच्या साक्षीनं. दोन्ही जोडलं तर भिंतीआड जपलेलं झाड आणि बड्याच्या घरातला आसरा एवढंच निघतं. बालपण कुठे गेलं हा प्रश्न उरतो, आईबाप बदलत नाहीत. राखणदार 0. एकूण 5.

बारदान्यावर (अ) आणि (ब) च्या रांगा तशाच राहतील. सहावा भाग आला की आधी लाल दोऱ्याच्या चिठ्ठ्या भरायच्या, मगच गुण बदलायचे. कार्डं खालच्या कपाटात, प्लास्टिकच्या डब्यात, सोबत डांबराच्या गोळ्या. पावसाळ्याआधी टाचण्या काढून ठेवाव्यात, गंज कार्डावर उतरतो.